भोंगा वाजतो तेव्हा...

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. तारकर्ली-देवबागच्या संगमावर पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या बोटी असोत किंवा पहाटे खाडीतून बाहेर पडणारी छोटी मासेमारी होडी असो, त्यांच्या मागे पाणी घुसळत चाललेले हे यंत्र शहरातून आलेल्या पाहुण्याला ओळखीचे असते. ते कसे चालते, याची चौकशी मात्र सहसा कोणी करत नाही. ती करण्याची वेळ येते भर पाण्यात, इंजिनाच्या आवाजावर मात करत एक कर्कश भोंगा अखंड वाजू लागतो तेव्हा. इंजिन तापल्याची ती सूचना असते. त्यानंतरच्या दोन-तीन मिनिटांत बोट चालवणारा काय करतो, यावर इंजिनाचे आयुष्य आणि कित्येकदा बोटीतील माणसांची सुरक्षितता अवलंबून असते.

हा भोंगा बंद करण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय म्हणजे त्याची तार काढून टाकणे. जुन्या मोटरींच्या बाबतीत हा उपाय जगभर केला जातो. ‘काही नाही, सेन्सर खराब आहे,’ असे म्हणून तार कापली जाते, भोंगा गप्प होतो, आणि पुढे केव्हातरी इंजिन कायमचे गप्प होते. वास्तविक सेन्सर खरोखरच खराब आहे की इंजिन खरोखरच तापले आहे, हे ठरवणे फारसे अवघड नाही. त्यासाठी तपासणीचा क्रम ठाऊक असावा लागतो, आणि क्रम समजण्यासाठी या यंत्राची थंड राहण्याची रीत समजून घ्यावी लागते.

समुद्राच्या पाण्यावर थंड होणारे यंत्र

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये मिलवॉकी येथून आपली मोटर बाजारात आणली आणि आउटबोर्ड हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला. त्यांच्या नावाच्या मोटरी आणि त्यांची जोडबहीण शोभणाऱ्या ‘जॉन्सन’ मोटरी पुढे एकाच कंपनीच्या छत्राखाली आल्या. ती कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली, नव्या मालकांनी एव्हिनरूड हे नाव काही काळ चालवले आणि २०२० मध्ये त्या मोटरींचे उत्पादन थांबले. तरीही विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत बनलेल्या त्यांच्या टू-स्ट्रोक मोटरी, तसेच यामाहा, सुझुकी, मर्क्युरी यांच्या त्या काळच्या मोटरी आजही अनेक किनाऱ्यांवर चालताना दिसतात. नाव कोणतेही असो, थंड राहण्याची तत्त्वे सर्वांची जवळपास सारखीच आहेत.

मोटारगाडीत रेडिएटर असतो आणि तेच ते पाणी पुन:पुन्हा फिरत राहते. आउटबोर्डमध्ये रेडिएटर नाही. ज्या पाण्यात बोट तरंगते तेच पाणी इंजिन आत खेचते, त्याच्याकरवी उष्णता घेते आणि ते पुन्हा बाहेर टाकते. पंख्याच्या वरच्या भागात, पाण्याखाली राहणाऱ्या गिअरकेसच्या बाजूला जाळीदार छिद्रे असतात. तेथून शिरलेले पाणी रबराच्या एका छोट्या चक्राकडे जाते. यालाच इम्पेलर म्हणतात. इंजिनाकडून गिअरकडे जाणाऱ्या उभ्या दांड्यावर तो बसवलेला असतो, म्हणजे इंजिन फिरले की तोही फिरतो. त्याचे घर मुद्दाम किंचित एका बाजूला सरकवलेले असते, त्यामुळे रबराची पाती एका बाजूला दबतात आणि दुसऱ्या बाजूला पसरतात. या दबण्या-पसरण्यातून पाणी खेचले जाते आणि वर ढकलले जाते. एका नळीवाटे ते इंजिनाच्या डोक्यापर्यंत चढते, सिलिंडरभोवतीच्या वाटांतून फिरते आणि शेवटी धुराबरोबर खाली उतरून पंख्याच्या मधून समुद्रात जाते.

या प्रवासात दोन पहारेकरी आहेत. पहिला थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना तो वाट बंद ठेवतो आणि पाणी पुरेसे तापले की उघडतो. मोटारगाडीत हे तापमान नव्वद अंशांच्या आसपास असते. आउटबोर्डमध्ये मात्र मॉडेलनुसार साधारण ५० ते ६५ अंश सेल्सिअस. हा फरक मिठामुळे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकी कॅल्शियमचे क्षार पाणी तापत जाईल तसे विरघळून राहण्याऐवजी धातूवर थर धरू लागतात. इंजिन मुद्दाम कमी तापमानावर ठेवले नाही तर ते आतून चुन्याने बंद व्हायचे. दुसरा पहारेकरी म्हणजे अनेक मोठ्या मोटरींत असणारी, दाबाने उघडणारी स्प्रिंगची झडप. वेग वाढला की पंपाचा दाब वाढतो, झडप उघडते आणि थर्मोस्टॅटची वाट न पाहता भरपूर पाणी वाहू लागते. हे दोघे कोणत्या वेगाला काम करतात, हे लक्षात ठेवले तर दोष शोधणे निम्मे सोपे होते.

याशिवाय वर चढलेल्या पाण्याचा एक छोटा फाटा इंजिनाच्या मागील बाजूस बाहेर काढलेला असतो. बोट चालू असताना मोटरीच्या मागून एक बारीक धार सतत पडताना दिसते, ती हीच. पंप चालू असल्याची ती खूण आहे. अनेक लहान आणि जुन्या मोटरींना भोंगा मुळातच नसतो. त्यांच्याबाबतीत ही धार हाच एकमेव इशारा असतो. म्हणूनच जाणता तांडेल मोटर सुरू करताच आधी मागे वळून धारेकडे पाहतो.

आधी कान, मग डोळे

भोंगा वाजला म्हणजे इंजिन तापलेच, असे समजण्याचे कारण नाही. टू-स्ट्रोक मोटरीत पेट्रोलबरोबर तेल मिसळावे लागते. ज्या मोटरींत हे तेल आपोआप मिसळण्याची सोय आहे, त्यांत तेल कमी झाले तरी तोच भोंगा वाजतो. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये आणि मर्क्युरीमध्ये अखंड सूर म्हणजे उष्णता आणि थांबून थांबून येणारा आवाज म्हणजे तेलाची तक्रार, अशी सर्वसाधारण विभागणी होती. यामाहाच्या अनेक मोटरींत मात्र दोन्हींसाठी भोंगा सारखाच वाजतो. फरक दिव्यावरून करावा लागतो. तेव्हा त्या त्या मॉडेलची माहितीपुस्तिका बोटीवर असणे हा शिष्टाचार नव्हे, गरज आहे.

अनेक मोठ्या मोटरींत भोंग्याबरोबर आणखी एक गोष्ट घडते. इंजिन आपण होऊन वेग कमी करते आणि मिनिटाला दोन ते अडीच हजार फेऱ्यांच्या वर जाण्याचे नाकारते. भोंग्याची तार आधीच तोडलेली असेल, तर चालवणाऱ्याला वाटते की पेट्रोलमध्ये कचरा आला किंवा प्लग गेला. मग तो नसलेला दोष शोधत बसतो.

पाण्यात असताना पहिली कृती एकच: वेग ताबडतोब कमी करून इंजिन न्यूट्रलमध्ये आणणे. त्यानंतर मागची धार पाहावी. धार जोमात असेल तर इंजिन मंद वेगाने चालू ठेवावे. फिरणारे पाणी त्याला थंड करील आणि भोंगा थांबेल. धार नसेल किंवा वाफ येत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे. कारण पाण्याविना फिरणारा प्रत्येक क्षण पिस्टन आणि इम्पेलर या दोहोंच्या मुळावर येतो. ॲल्युमिनियमचे पिस्टन तापून फुगते, तेलाचा थर जळतो आणि पिस्टन सिलिंडरला घासू लागते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी पेट्रोलबरोबर येणारे थोडेसे तेल एवढाच आधार असतो, त्यामुळे तेथे इंजिन जाम होण्यास फार वेळ लागत नाही.

इंजिन बंद केल्यावर बोट वाऱ्याने किंवा ओहोटीने खडकांकडे जाऊ नये म्हणून नांगर टाकावा. मग मोटर वर उचलून पाणी शिरण्याच्या जाळ्या पाहाव्यात. आपल्याकडच्या खाड्यांत या ठिकाणी बहुतेक वेळा सापडते ती प्लास्टिकची पिशवी. जाळ्याचा तुकडा, शेवाळ, गाळ यांचा क्रमांक त्यानंतरचा. ती काढून टाकली की बऱ्याचदा प्रश्न तेथेच मिटतो. मात्र तापलेल्या इंजिनावर बादलीने थंड पाणी ओतण्याचा मोह टाळलाच पाहिजे. तापलेला धातू अचानक थंड झाला तर हेड वाकते किंवा त्याला तडा जातो. इंजिनाला हात लावता येईल इतके ते आपोआप निवू द्यावे.

इंजिन तापले की नुसता भोंगाच?

किनाऱ्यावर आल्यावर खरी तपासणी सुरू होते. तिचा पहिला प्रश्न असा: इंजिन खरोखर तापत आहे काय? पूर्वीचे मेकॅनिक हेडवर पाण्याचा थेंब टाकून तो चरचरतो का, हे पाहत. आज लांबूनच तापमान दाखवणारा इन्फ्रारेड तापमापक सहज मिळतो. मोटर पाण्याच्या पिंपात किंवा उथळ पाण्यात चालवून हेडच्या रंगवलेल्या भागावर तो रोखावा. चकचकीत उघड्या धातूवर त्याचे आकडे फसवे येतात. थर्मोस्टॅटच्या तापमानाच्या आसपासचा आकडा असेल तर इंजिन निरोगी आहे. इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या इंजिनात दोन हेड असतात, दोन्हींचे तापमान जवळपास सारखे हवे. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर दोष त्या बाजूच्या वाटेत आहे, पंपात नाही.

इंजिन थंड आहे आणि तरीही भोंगा वाजतो, असे दिसल्यास संशय विजेच्या जोडणीवर येतो. हेडमध्ये बसवलेला उष्णतेचा स्विच साधा असतो. आतील दोन धातूंची पट्टी ठरावीक तापमानाला, अनेक जुन्या मोटरींत शंभर अंशांच्या जवळपास, वाकते आणि भोंग्याची तार इंजिनाच्या धातूला जोडते. जॉन्सन, एव्हिनरूड आणि मर्क्युरीमध्ये ही तार बदामी रंगाची असते, यामाहात गुलाबी. किल्ली चालू ठेवून, पण इंजिन सुरू न करता, थंड इंजिनाच्या स्विचपाशी ही तार सोडवावी. भोंगा थांबला तर स्विच खराब आहे. भोंगा वाजतच राहिला तर स्विच निर्दोष असून, तारेचे आवरण कोठेतरी घासून ती धातूला टेकली आहे. खाऱ्या हवेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या तारांच्या जुडग्यात हे वरचेवर घडते.

उलट तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे. तीच सोडवलेली तार क्षणभर इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवली की भोंगा वाजला पाहिजे. वाजला नाही तर भोंगा मेलेला आहे, आणि इतकी वर्षे मालक ज्या शांततेवर विश्वासून होता ती शांतता खोटी होती! जुनी मोटर विकत घेणाऱ्याने करायची ही पहिली चाचणी आहे. ती करायला अर्धे मिनिटही लागत नाही.

कोणत्या वेगाला तापते?

इंजिन खरोखर तापते, हे सिद्ध झाल्यावर दुसरा प्रश्न: ते केव्हा तापते? मंद वेगाला तापून जोरात चालवल्यावर निवत असेल, तर बंद अवस्थेत अडकलेल्या थर्मोस्टॅटवर पहिला संशय घ्यावा. वेगात दाबाची झडप उघडते आणि त्याची चूक झाकली जाते. ती झडपच कचऱ्यामुळे उघडी राहिली असेल किंवा इम्पेलरची पाती झिजली असतील, तरीही मंद वेगाला पाणी कमी पडते. याउलट मंद वेगाला ठीक आणि जोरात चालवल्यावर तापते, असे असेल तर पाण्याचा पुरवठाच तोकडा आहे: जाळी अर्धवट बंद आहे, इम्पेलर दुबळा आहे, दाबाची झडप उघडत नाही किंवा हेडचे गॅस्केट फुटले आहे. मोटर फळीवर फार उंच बसवली असेल किंवा जास्त तिरकी केली असेल, तर वेगात पाण्याबरोबर हवा शिरते. पंख्यावरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत असावी, हा त्यासाठीचा ढोबळ नियम.

धारेच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. धार बंद पडली म्हणून पंप गेला असे नव्हे. त्या छोट्या छिद्रात मीठ साचते, वाळू अडकते, आणि महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या मोटरीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधून ठेवते. आधी बारीक तार घालून ते छिद्र साफ करून पाहावे. दुसरीकडे, बहुतेक मोटरींत हा फाटा थर्मोस्टॅटच्या आधीच काढलेला असल्याने थर्मोस्टॅट बंद असतानाही धार जोमात पडू शकते. सबब ‘धार आहे ना, मग इंजिन तापणारच नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही.

इम्पेलर, थर्मोस्टॅट आणि त्यामागचे

जाळ्या साफ, छिद्र मोकळे आणि तरी धार मलूल असेल तर इम्पेलरची पाळी. हे रबर झिजते, कडक होते आणि बराच काळ एकाच स्थितीत राहिल्यास पाती वाकलेलीच राहतात. पाण्याबाहेर मोटर ‘फक्त सुरू होते का पाहू’ म्हणून चालवली तर कोरडे रबर काही सेकंदांतच भाजून निघू लागते. वाळू आणि गाळ असलेल्या पाण्यात तर दर वर्ष-दोन वर्षांनी इम्पेलर बदलणे हाच शहाणपणा. त्यासाठी गिअरकेस खाली उतरवावी लागते. जुने पाते तुटलेले दिसले तर त्याचा तुकडा शोधलाच पाहिजे. तो पाण्याबरोबर वर जाऊन एखाद्या अरुंद वाटेत अडकतो, आणि मग नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहते. इम्पेलरच्या घराला आणि खालच्या स्टीलच्या पट्टीला चरे पडले असतील तर तेही बदलावेत, कारण चऱ्यांतून दाब निसटतो.

‘इम्पेलर बदलला तरी भोंगा वाजतोच’ या तक्रारीमागे आणखी एक नेहमीचे कारण असते. गिअरकेस पुन्हा चढवताना पाण्याची उभी नळी पंपावरच्या रबरी कड्यात नीट बसली नाही, तर पाणी वर जाण्याऐवजी पायाच्या पोकळीतच सांडते. बाहेरून सारे व्यवस्थित दिसते, पण इंजिन तहानलेले राहते.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. भांड्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने लोंबकळत सोडावा, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी हळूहळू तापवावे. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला आणि थंड झाल्यावर मिटला तर ठीक. अन्यथा नवा आणावा. अनेकजण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. ‘तेवढेच इंजिन थंड राहील,’ हा त्यामागचा विचार. परंतु सदैव थंड राहिलेल्या इंजिनात पेट्रोल पुरते जळत नाही, प्लग काळे पडतात, काजळी साचते आणि मंद वेगाला इंजिन अडखळते.

एवढे करूनही उष्णता हटत नसेल तर दोष खोलवर आहे. सिलिंडरभोवतीच्या वाटा मिठाने आणि क्षारांनी भरल्या असतील. सौम्य आम्ल, अगदी साधे व्हिनेगरसुद्धा, कॅल्शियमचा थर मऊ करते. पण वाटा पार बंद असतील तर हेड उघडून खरवडण्याला पर्याय नाही. काही ‘व्ही’ इंजिनांत पाण्याला दिशा देणारे रबराचे तुकडे आत बसवलेले असतात. ते वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने आकसले की पाणी जवळची वाट धरते आणि सिलिंडरचा वरचा भाग कोरडा राहतो. गॅस्केट फुटले असेल तर तप्त वायू पाण्याच्या वाटेत घुसतात. त्याचा सुगावा कॉम्प्रेशन मोजून लागतो. सर्व सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ, ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा बराच खाली असेल तर नवे सुटे भाग आणण्याआधी इंजिन उघडून पाहावे.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. भोंग्याचा स्विच हेडचे तापमान सांगतो, पिस्टनचे नव्हे. कार्बोरेटरमधील एखादे छिद्र कचऱ्याने बंद होऊन एका सिलिंडरला पेट्रोल, आणि त्याबरोबरचे तेलही, कमी मिळू लागले तर ते पिस्टन भोंगा न वाजताच जळू शकते. भोंगा असणे म्हणजे संपूर्ण अभय नव्हे.

गोड्या पाण्याचा पंधरा मिनिटांचा विमा

या साऱ्या दुखण्यांवरचा सर्वांत स्वस्त उपाय गोडे पाणी हा आहे. खाऱ्या पाण्यातून परतल्यावर मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून किंवा जाळ्यांवर पाण्याचे रबरी कप लावून दहा-पंधरा मिनिटे मंद वेगाने चालवावी. येथे घाई नडते. इंजिन थंड असेतोवर थर्मोस्टॅट मिटलेला असतो. दोनच मिनिटांत मोटर बंद केली तर आतल्या वाटांतील खारे पाणी जागीच सुकते. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालले तरच मीठ धुतले जाते. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, तेव्हा ही धुलाई करून ठेवलेली मोटर आणि तशीच उभी केलेली मोटर यांच्यातील फरक पुढच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी कळतो.

छोट्या मच्छीमाराच्या दृष्टीने मोटर हे घरातील सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक असते. ती जाम झाली की हंगाम हातचा जातो. पर्यटकांच्या बोटीवर तर प्रश्न पैशांपुरता राहत नाही; ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी बंद पडलेली बोट लाटांच्या तडाख्यात सापडते. म्हणूनच बोटीवर वल्ही, नांगर, दोर आणि प्रत्येकाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट हवे, आणि भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांक पाठ हवा. प्रवाशानेही बोट सुटताना मोटरीच्या मागे ती बारीक धार पडते आहे की नाही, हे पाहावे. ती दिसली नाही तर तांडेलाला विचारावे.

जुनी मोटर वाईट नसते. साधी, दुरुस्तीला सोपी आणि काळजी घेतली तर दशकानुदशके साथ देणारी अशी ती असते. पण तिच्याजवळ बोलण्यासाठी दोनच साधने आहेत, मागची धार आणि तो कर्कश भोंगा. कापलेली बदामी तार पुन्हा जोडायला पक्कड आणि थोडा वेळ पुरतो. इंजिन नव्याने बांधायला मात्र आख्ख्या हंगामाची कमाई लागते.